दोघांसाठी पोर्क चॉप: दोन शेगड्या, एक बिडाचा तवा आणि कोकमाचा सॉस

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मी पोर्क चॉप केले होते. अर्ध्या इंचाचे, पातळ, झाकण ठेवून चांगली पंचवीस मिनिटं शिजवलेले. ‘डुकराचं मटण आहे, कच्चं राहता कामा नये’ एवढं एकच वाक्य डोक्यात होतं. बायको वसईची. तिच्या माहेरी लग्नकार्यात पोर्क नसेल तर पाहुणे पानावरून उठतील. तिने पहिला घास बराच वेळ चावला आणि म्हणाली, “चव छान आलीये.” चवीबद्दल बोलली, चावण्याबद्दल अवाक्षर नाही. दुसरी गोष्ट तिने नंतर, बऱ्याच दिवसांनी सांगितली: त्या संध्याकाळी ती टेबलावर जवळजवळ पाऊण तास एकटी बसली होती आणि मी ओट्यापाशी घामाघूम.

हा लेख त्या दोन्ही चुकांवरचा आहे. चॉप वातड होऊ नये आणि करणारा माणूस टेबलावर असावा. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे आधीच सांगतो.

अजून एक, सुरू करण्याआधी. पोर्क खायला समोरच्याची हरकत नाही ना, हे अगोदर विचारून घ्या. धर्म, घरची सवय, नुसती नावड, काहीही कारण असू शकतं. सरप्राइज बेताचं द्या, मांसाचं नको. भाड्याचं घर असेल आणि मालकांनी मांसाहाराला मनाई केली असेल, तर हा बेत मित्राच्या घरी करा. तव्यावरचा धूर लपत नाही.

चॉप म्हणजे विंदालू नव्हे

आपल्याकडे पोर्कची जी पदार्थपरंपरा आहे ती बहुतेक रश्श्याची. गोव्याचं विंदालू, सोरपोतेल, वसई-वांद्र्याचं इंदियाल, कूर्गची पंदी करी. हे सगळे पदार्थ खांदा, मांडी, पोट अशा भागांचे. तिथल्या मांसात चिवट धागे आणि चरबी भरपूर. मंद आचेवर तास-दीड तास ठेवलं की ते धागे विरघळतात, रस्सा दाट होतो, मांस मऊ पडतं. सोरपोतेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरं लागतं. त्यामुळे ‘पोर्क जितकं शिजेल तितकं मऊ’ हा आपला अनुभव, आणि तो त्या भागांपुरता खराही आहे.

चॉप येतो पाठीतून, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांबट स्नायूतून. हा स्नायू जनावराच्या आयुष्यात फार कष्ट करत नाही. त्यात चिवट धागे कमी, आतली चरबीही कमी. विरघळायला काही नसल्यामुळे जास्त शिजवून मऊ होण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त पाणी निघून जातं. कुकरची शिट्टी इथे शत्रू. इंचभर जाडीचा चॉप तव्यावर दहा-बारा मिनिटांचा पाहुणा आहे, त्यानंतरचं प्रत्येक मिनिट त्याच्या वाईटावर.

मग कच्चं राहण्याची भीती?

ती वेडगळ नाही, पण तिला आकडा द्यायला हवा. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठीचं सुरक्षित तापमान ७१ अंश सेल्सिअसवरून ६३ वर आणलं, आणि त्यानंतर तीन मिनिटं मांस तसंच ठेवायला सांगितलं. खिम्याला मात्र ७१ अंशच. ६३ अंशांवर मधोमध किंचित गुलाबी छटा राहते. ती कच्चेपणाची खूण नाही.

भारतात आपल्याला काळजी असते ती टेपवर्मची, म्हणजे फीतकृमीची. इथे एक गल्लत नेहमी होते. मेंदूत गाठी होण्याचा जो आजार आपण ऐकतो, तो या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो. ती दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांमधून जातात, त्यामुळे कधीही पोर्क न खाल्लेल्या माणसालाही तो होऊ शकतो. अर्धकच्च्या, अळ्या असलेल्या पोर्कमधून होतो तो आतड्यातला कृमी. मात्र तो ज्याच्या पोटात आहे त्याच्यामुळे घरातल्या बाकीच्यांना धोका पोचतो, म्हणून हलगर्जी करायची नाही. उपाय दोन: उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या जनावराचं मांस घ्यायचं नाही, आणि तापमान मोजायचं. मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट, पाणीदार फोड दिसले तर ते दुकान सोडा.

माझा नियम असा. मांस बंदिस्त फार्मचं आहे आणि कुठून आलं ते मला ठाऊक आहे, तर तव्यावरून ६० अंशांना उतरवतो. ताटलीत ते आपसूक ६३-६४ पर्यंत चढतं. मांस कुठलं याबद्दल मनात जराही शंका असेल, किंवा खाणाऱ्यांत कोणी गरोदर असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ६८ला उतरवतो आणि ७१ होऊ देतो. मिठाच्या पाण्यात मुरलेला चॉप ७१लाही खाण्याजोगा राहतो. ८५ला मात्र कुठलाच चॉप राहत नाही, आणि माझा तो पहिला नक्कीच तिथे पोचला होता.

म्हणजे थर्मामीटर लागणार. टोकदार दांडीचा, अंकी आकडे दाखवणारा. ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतो. आल्यावर बर्फाच्या लगद्यात बुडवून बघा, शून्याच्या आसपास दाखवायला हवं. उकळत्या पाण्यातही तपासता येतो, फक्त पुणेकरांनी तिथे शंभराची वाट बघू नये. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

दुकानात काय मागायचं

‘पोर्क चॉप द्या’ एवढं म्हटलं तर हाडाला चिकटलेलं काहीही मिळू शकतं. बऱ्याच दुकानांत ओंडक्यावर सत्तूराने रश्श्याचे तुकडे करण्याचीच सवय असते. म्हणून सविस्तर सांगा: पाठीचा, बरगडीकडचा भाग, हाडासकट, प्रत्येक तुकडा पूर्ण इंचभर जाड, कातडी काढा पण कडेची चरबी ठेवा. ‘इंचभर’ म्हणताना बोटांनी दाखवा. पातळ चॉप बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून संपलेला असतो. बरगडीच्या चॉपमध्ये एका बाजूला वाकडं हाड आणि मधे गोल मांस दिसतं. कंबरेकडच्या चॉपमध्ये इंग्रजी टी आकाराचं हाड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळी मांसं असतात. ती एकसारखी शिजत नाहीत, पहिल्या प्रयत्नाला नको.

मांस गुलाबीसर लाल हवं. फिकट, ओलसर, पाणी सुटलेलं नको. चरबी पांढरी आणि घट्ट असावी. नाकाला उग्र दर्प आला तर घेऊ नका. कधीकधी वयात आलेल्या नराच्या मांसाला तसा वास असतो आणि तो कुठल्याही मसाल्याने जात नाही.

मुंबईत वांद्रे-वसई, पुण्यात कॅम्प, गोव्यात म्हापसा-मडगावसारखे बाजार इथे ताजं मांस बघून घेता येतं. बाकी ठिकाणी फ्रोझन पाकीट. त्याला कमी लेखू नका, पण त्यावरची बारीक अक्षरं वाचा. आधीच मीठ-पाणी टोचलेलं असेल तर पुढची मिठाच्या पाण्याची पायरी पूर्ण गाळा. पाकीट आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्या. गरम पाण्यात बुडवून घाई केली की बाहेरचं मांस शिजू लागतं आणि आत बर्फाचा खडा.

दोघांना लागणारं सामान:

- हाडासकट चॉप २, प्रत्येकी २५० ते ३०० ग्रॅम
- मुरवण्यासाठी: पाणी १ लिटर, बारीक मीठ ५० ग्रॅम (सपाट तीन मोठे चमचे), गूळ २५ ग्रॅम, ठेचलेली मिरी ८-१०, लसूण ४ पाकळ्या, तमालपत्र १
- तव्यासाठी: शेंगदाण्याचं रिफाइंड तेल १ मोठा चमचा, लोणी १ मोठा चमचा, सालासकट चेचलेला लसूण ४ पाकळ्या
- सॉससाठी: कोकमं ६-७, सांबार कांदे ४ किंवा साधा कांदा अर्धा, किसलेला गूळ २ छोटे चमचे, भरड मिरपूड अर्धा छोटा चमचा, गार लोणी १ मोठा चमचा
- सोबतीला: बटाटे ३, फरसबी मूठभर, पाव किंवा पोई (गोव्याचा गोल, पोकळ पाव)

दुपारी: मिठाचं पाणी

चॉपचं नशीब खरं इथे ठरतं. मीठ मांसातली काही प्रथिनं सैल करतं आणि तापल्यावर पाणी धरून ठेवायला ती जास्त सक्षम होतात. शिवाय मीठ वरवर न राहता आत पोचतं. कपभर पाणी गरम करून त्यात मीठ आणि गूळ विरघळवा, गाळा (गुळात खडे निघतात, दातांखाली आले तर संध्याकाळ तिथेच संपली), मग उरलेलं थंड पाणी आणि मसाला घाला. पाणी पूर्ण गार झाल्यावरच चॉप बुडवा. झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात. वेळ तीन तास. चारही चालतील. रात्रभर ठेवलं तर मांसाचा पोत बदलून ते हॅमसारखं लागतं.

जागा नसेल तर सोपा मार्ग: प्रत्येक चॉपला दोन्ही बाजूंनी मिळून सपाट अर्धा छोटा चमचा मीठ चोळा आणि उघडाच फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवा. खरं सांगायचं तर हल्ली मी बहुतेक वेळा हेच करतो. रस थोडा कमी राहतो, पण खरपूस कवच अधिक चांगलं येतं.

चॉप नळाखाली धुवायचे नाहीत. मला कल्पना आहे, आपल्याकडे मटण न धुता शिजवणं म्हणजे आईचा ओरडा. पण शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर उडतात आणि बाजूच्या कोशिंबिरीच्या काकडीवर बसतात. धुण्याशिवाय चैनच पडत नसेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलकेच बुचकळा आणि नंतर सिंक साबणाने घासा. कच्च्या मांसाची सुरी-पाट भाजीला वापरू नका.

जेवणाच्या दीड तास आधी चॉप बाहेर काढा, पाण्याचे मसाले झटका आणि स्वच्छ फडक्याने किंवा टिशूने टिपा. पुन्हा टिपा. मग जाळीवर ठेवून तासभर उघडेच फ्रिजमध्ये. ओलं मांस तव्यावर पडलं की तव्याची सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते. मांस वाफेवर शिजतं, करडं पडतं आणि तुम्ही ‘अजून रंग येत नाही’ म्हणत त्याला तव्यावरच ठेवता. वातड चॉपची निम्मी कहाणी ही आहे.

तासाभराने कडेच्या चरबीला दोन-दोन सेंटिमीटरवर सुरीने उभ्या चिरा द्या, फक्त चरबीपुरत्या. चरबीखालचं पापुद्र्यासारखं आवरण तापल्यावर आकसतं आणि चॉप पातेलीसारखा वाकतो. चिरा दिल्या की तो सपाट राहतो.

ती यायच्या आधी हे सगळं झालेलं असावं

(किंवा तो. हे वाक्य मी माझ्या बाजूने लिहितोय.)

दोन शेगड्यांच्या ओट्यावर एका वेळी एकच गोष्ट नाजूक असू शकते, आणि ती जागा चॉपची. बाकी सगळं आधीच करून ठेवायचं. बटाटे कुकरला तीन-चार शिट्ट्या, सोलून गरम असतानाच मॅश करा, त्यात ४० ग्रॅम लोणी, अर्धा कप गरम दूध, मीठ आणि जायफळाची चिमूट. मिक्सरमध्ये घालू नका, चिकट खळ होते. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात झाकून ठेवला की तासभर ऊबदार राहतो. फरसबी मिठाच्या उकळत्या पाण्यात चार मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून बाजूला. कोकमं अर्धा कप गरम पाण्यात भिजत. कांदा बारीक चिरलेला, गूळ किसलेला, लोणी फ्रिजमध्ये. गोड आदल्या रात्री करा. गोव्याची सेरादुरा मला यासाठी फार सोयीची वाटते: फेटलेलं क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्कचा थर, मारी बिस्किटाच्या भुग्याचा थर, पुन्हा तेच, ग्लासांत भरून फ्रिजमध्ये. चूल नाही, ओव्हन नाही.

टेबलही आधीच लावा. मेणबत्ती बिनवासाची. मोगऱ्याच्या वासाची मेणबत्ती आणि तव्यावरचा लसूण यांचं लग्न कधीच टिकलेलं नाही. धूर होणार आहे, म्हणून एक्झॉस्ट चालू, खिडक्या उघड्या, स्वयंपाकघराचं दार बंद. आणि उदबत्ती लावून वास घालवायचा विचारही नको, दोन्ही वास राहतात.

साडेआठला जेवायचं असेल तर हिशेब असा पडतो: दुपारी साडेतीनला मीठ-पाणी, सातला चॉप टिपून जाळीवर, त्याच तासात बटाटे, फरसबी, अंघोळ आणि इस्त्रीचा शर्ट. आठला ती येते, ग्लास भरले जातात, दहा मिनिटं निवांत बसा. उठायचं आठ दहाला. त्याआधी नाही.

तव्यावर

बिडाचा जाड तवा किंवा पॅन घ्या, दोन्ही चॉप एकमेकांना न चिकटता मावतील असा, साधारण दहा-अकरा इंचांचा. बीड एकदा तापलं की गार मांस पडल्यावर मान टाकत नाही. जाड बुडाचं स्टीलही चालेल. पातळ नॉनस्टिक नको, ते इतकं तापवायचंच नसतं.

मध्यम-मोठ्या आचेवर रिकामा तवा चार-पाच मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो पारा सांडल्यासारखा घरंगळला पाहिजे. तेल घाला. चॉपना मिरपूड किंवा काही लावू नका, ती जळून कडू होते. मीठ तर आत आहेच.

पहिल्यांदा चॉप आडवा ठेवायचा नाही. दोन्ही चॉप चिमट्यात एकत्र धरून चरबीच्या कडेवर उभे करा. दोन-तीन मिनिटं. चरबी पाझरते, कड सोनेरी कुरकुरीत होते आणि पुढचं सगळं त्याच चरबीत शिजतं. ही पायरी टाळली तर ताटात रबरी पांढरी पट्टी उरते, जी दोघंही सभ्यपणे कडेला सारतात.

आता आडवे करा. चरचर आवाज मोठा आणि सलग हवा. आवाज मवाळ पडला तर आच वाढवा, काळा धूर दिसला तर कमी करा. दोन मिनिटं अजिबात हलवू नका. मग उलटा. त्यानंतर दर मिनिटाला उलटत राहा. ‘एकदाच उलटायचं’ हा नियम मी बरीच वर्षं पाळला. सोडल्यावर कळलं की वारंवार उलटल्याने उष्णता दोन्हीकडून सारखी आत जाते आणि कवचाखालचा करडा पट्टा पातळ राहतो.

सहाव्या मिनिटाच्या सुमारास आच मंद करा. लोणी आणि चेचलेला लसूण घाला. तवा थोडा कलता करून फेसाळलेलं लोणी चमच्याने चॉपवर, विशेषतः हाडाच्या बाजूला सोडत राहा. हाडालगतचं मांस सगळ्यात मागे राहतं. थर्मामीटर वरून नाही, बाजूने, मधल्या जाडीत खुपसा. टोक हाडाला टेकता कामा नये, तिथला आकडा खोटा असतो. आठव्या मिनिटापासून दर मिनिटाला बघा. ५५ नंतर तापमान झपाट्याने चढतं, तेव्हा फोन हातात घेऊ नका.

तुमच्या आकड्याला, ६० किंवा ६८, चॉप गरम ताटलीत काढा. वर फॉइल सैल टाका, घट्ट नको, नाहीतर कवच वाफेने ओलं होतं. पाच-सात मिनिटं तसंच. तीन-चार मिनिटांनी पुन्हा मोजा. ६३ गाठलं नसेल तर मिनिटभर परत तव्यावर ठेवा, त्यात लाज कसली. थर्मामीटर नसेलच तर हाडालगत सुरीचं टोक घालून उघडून बघा: लालसर, थुलथुलीत दिसलं तर अजून वेळ आहे. फिकट गुलाबी आणि घट्ट झालं असेल तर झालं. मात्र मांस कुठलं याची खात्री नसताना या डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका.

सॉस, चॉप विसावतोय तोवर

पोर्कला आंबट हवं असतं, हे ज्यांनी ज्यांनी पोर्क शिजवलं त्या सगळ्यांना कळलेलं आहे. ‘विंदालू’ हे नावच पोर्तुगीज व्हिन्या दाल्युश, म्हणजे वाइन आणि लसूण, यावरून आलं. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं. कूर्गात कचमपुळीचा काळा दाट अर्क घालतात, आणि ती कोकमाचीच चुलत बहीण. मग कोकण उशाशी असताना परक्या फळांच्या बाटल्या कशाला धुंडाळायच्या?

तव्यातली चरबी चमचाभर ठेवून बाकी वाटीत काढा. तळाशी चिकटलेला तपकिरी थर काळा पडलेला नसेल तर तोच सॉसचा जीव आहे. काळा, कडू असेल तर सरळ पुसा आणि थोड्या लोण्यावर नव्याने सुरू करा. मंद आचेवर कांदा दोन मिनिटं परता. कोकमाचं पाणी कोकमांसकट ओता, उलथन्याने तळ खरवडा, गूळ आणि मिरपूड घाला. दोन-तीन मिनिटांत ते निम्मं होऊन चमच्याच्या पाठीवर धरतं. ताटलीत चॉपमधून पाझरलेला रस त्यात ओता. कोकमं काढून टाका. गॅस बंद करून गार लोणी घाला आणि तवा गोल फिरवत विरघळवा. रंग जांभळट तपकिरी, चकाकी आरशासारखी.

चाखल्याशिवाय मीठ घालू नका. कोकमं मिठाची असतात, तव्यातला थर मिठाच्या मांसाचा आहे. मी एकदा सवयीने चिमूट टाकली आणि सगळा सॉस फेकला. आंबट जास्त वाटलं तर गूळ, गोड वाटलं तर आगळाचे दोन थेंब.

बिडाच्या तव्यात आंबट फार वेळ ठेवू नये, लोखंडाची चव उतरते. मुरलेल्या तव्यावर तीन-चार मिनिटांनी काही बिघडत नाही, पण तवा नवा असेल तर तळ कपभर गरम पाण्याने सोडवून ते पाणी छोट्या स्टीलच्या पातेल्यात घ्या आणि सॉस तिकडे करा.

दुसऱ्या शेगडीवर वाटीत काढलेल्या चरबीत फरसबी मिनिटभर परतली की जेवण तयार. घड्याळात साधारण साडेआठ.

ताटात

बटाटा आधी, चॉप त्यावर कलता, सॉस चॉपच्या बाजूने. डोक्यावर ओतला तर मेहनतीने आणलेलं कवच भिजतं. फरसबी कुठेही. पोई गरम करून कापडात गुंडाळून मधे ठेवा. ताटातला शेवटचा सॉस पुसायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. सुऱ्या धारदार हव्यात. जेवणाच्या बोथट सुरीने उत्तम चॉपही चिवट वाटतो.

प्यायला नाशिकची शेनिन ब्लाँ नीट गार करून घ्या. तिच्यातला हलका गोडवा कोकमाशी जमतो. जड, तुरट रेड वाइन कोकमापुढे धातूसारखी लागते. वाइन नको असेल तर सोडा, लिंबू, आल्याचा रस. सोलकढी मात्र नको. मला मोह झाला होता, पण कोकमावर कोकम होतं.

चटपटीत आवडणाऱ्यांसाठी दोन वळणं. गोव्याचा रेशाद मसाला लावायचा असेल तर आधी नाही, कारण मिरची आणि साखर तापल्या तव्यावर जळतात. चॉप कोरडा भाजून घ्या, शेवटच्या दोन मिनिटांत मंद आचेवर मसाला लोण्यात सैल करून वर चोपडा. ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती) घरातला बॉटल मसाला असेल, उन्हाळ्यात भाजून-कुटून बाटल्यांत ठासलेला, तर सॉसमधल्या कांद्यावर अर्धा छोटा चमचा टाका आणि गूळ वाढवा. माझ्या सासूबाई याहून कमी घालू देत नाहीत.

हाडाजवळचं मांस सुरी-काट्याने निघत नाही. ते हातात धरूनच खावं लागतं. आधी तुम्ही उचला, म्हणजे समोरचा माणूसही मोकळा होतो.

तवा रात्रभर सॉससकट ठेवू नका, सकाळी गंज दिसेल. कोमट असतानाच गरम पाणी ओतून नारळाच्या शेंडीने घासा, गॅसवर वाळवा, तेलाचं बोट फिरवा. दोन मिनिटांचं काम. तोवर सेरादुराचे ग्लास फ्रिजमधून बाहेर काढायला दुसऱ्या माणसाला सांगा.

उरलाच तर चॉप झाकून फ्रिजमध्ये, तीन दिवसांच्या आत संपवा. तो पुन्हा तव्यावर तापवू नका, कालचं सगळं कौशल्य पाण्यात जातं. गारच ठेवून पातळ काप करा, लोणी लावलेल्या पावात, वर उरलेल्या सॉसचा चमचा आणि कांद्याची चकती. आमच्याकडे हल्ली त्यासाठी मुद्दाम तिसरा चॉप करतात.